व्हॅनिलाचा निकाल सहाव्या तासाला

परफ्यूमच्या दुकानात आपण काय करतो ते आठवून बघा. कागदाची पट्टी, दोन फवारे, पट्टी जरा हलवून नाकाशी, मग ‘छान आहे’ किंवा ‘फारच गोड बुवा’, आणि पुढची बाटली. सगळा निकाल दोन मिनिटांत. लिंबू-संत्र्याच्या वासांना ही पद्धत चालून जाते. व्हॅनिलावर मात्र ती अन्याय करते, कारण त्या दोन मिनिटांत व्हॅनिला पुरता आलेलाच नसतो. तो येतो बाकीचे पाहुणे उठून गेल्यावर, आणि मग मुक्कामाला राहतो.

म्हणून या लेखात व्हॅनिला परफ्यूमकडे उलट्या बाजूनं बघू या. शेवटून सुरुवातीकडे. आणि बघायला जागा निवडली आहे आयर्लंड. इथली हवा, इथले लोकरी कोट आणि इथली आपली बंद खिडक्यांची मराठी घरं, या तिन्हींमुळे व्हॅनिला अंगावर कसा वागतो ते नीट कळतं.

दोन मिनिटांच्या निकालाची सवय आपल्याला लागली कुठून? बरीचशी विमानतळावरून. आणि गंमत म्हणजे जगातलं पहिलं ड्युटी-फ्री दुकान आयर्लंडमध्येच सुरू झालं. पश्चिम किनाऱ्याजवळच्या शॅनन विमानतळावर, १९४७ साली, ब्रेंडन ओ’रीगन यांच्या कल्पनेतून. अटलांटिक ओलांडणारी विमानं तेव्हा इंधनासाठी शॅननला थांबत; तेवढ्या वेळात प्रवाशांनी काहीतरी विकत घ्यावं. पुढे १९८३ मध्ये दुबईला ड्युटी-फ्री उभं करायला याच आयरिश मंडळींना बोलावलं गेलं, आणि त्यांच्यातले कोलम मॅकलॉक्लिन पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिले. मुंबईहून दुबईमार्गे डब्लिनला येताना आपल्यातले कितीतरी जण तिथेच पट्ट्या हुंगतात, पुढच्या विमानाच्या वेळेवर एक डोळा ठेवून. अशा दुकानात खपतो तो पटकन ओळख देणारा वास. उशिरा उमलणारा वास तिथे हरतो.

आता व्हॅनिला उशिरा का येतो, ते थोडक्यात. व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. हिरव्या शेंगेला तो वास जवळजवळ नसतोच. शेंगा गरम पाण्यातून काढायच्या, उबेला घाम फोडायचा, मग कित्येक आठवडे वाळवायच्या, तेव्हा कुठे आतलं व्हॅनिलिन सुटं होतं. वाळलेल्या चांगल्या शेंगेतही ते वजनाच्या साधारण दोन टक्केच. मूळ वेल मेक्सिकोकडची. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर ती लावली तर फुलं यायची, शेंगा धरायच्या नाहीत. १८४१ मध्ये तिथल्या एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं फुलातला पडदा उचलून हातानं परागीकरण करायची युक्ती शोधली. आजही शेंगा धरतात त्या त्याच्याच युक्तीनं, फूल-फूल हातानं. तो स्वतः मात्र गरिबीतच गेला. जगभर ‘साधा’, ‘बेचव’ या अर्थानं ज्या वासाचं नाव वापरतात, त्याच्यामागे एवढी हातमेहनत आहे.

१८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी पाइनसारख्या झाडांच्या रसातून व्हॅनिलिन तयार केलं आणि हा वास स्वस्त झाला. शुद्ध व्हॅनिलिन हे साध्या तापमानाला पांढरे स्फटिक असतात, द्रव नव्हे. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, व्हॅनिलिन २८५ अंशांच्या आसपास. अंगावर कुणी काही उकळत नाही हे खरं, पण या आकड्यांवरून स्वभाव कळतो. लिंबू उडायला टपलेलं असतं, व्हॅनिला कातडीला धरून बसतो.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवतात. लग्नात हाताच्या पाठीवर लावलेल्या बोटभर अत्तरातला गुलाब किंवा मोगरा जेवणाच्या पंगतीपर्यंत विरत जातो, आणि संध्याकाळी हात हुंगला तर राहिलेलं असतं ते चंदन. पाश्चात्त्य परफ्यूममध्ये हे तळाचं काम बऱ्याचदा व्हॅनिलाकडे असतं.

उदाहरण म्हणून घेऊ ‘शालीमार’. फ्रान्सच्या गेर्लां कंपनीचं हे परफ्यूम झाक गेर्लां यांनी घडवलं आणि १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते गाजलं. त्याच घराण्याच्या १८८९ च्या ‘जिकी’त व्हॅनिलिन होतंच; शालीमारमध्ये त्याची जागा एथिल व्हॅनिलिननं घेतली, जे नाकाला कितीतरी पट जोरकस लागतं. शंभर वर्षांत मिश्रण अनेकदा बदललं आहे. मी लिहितोय ते आज मिळणाऱ्या ‘ओ द पार्फ्यूम’बद्दल, आणि लावलंय ते डब्लिनच्या हिवाळ्यात.

पहिली पाच मिनिटं. लिंबूवर्गातल्या बर्गमॉटच्या सालीचा जोरदार फवारा, आणि त्याच्या मागोमाग चक्क डांबर. नुकत्याच केलेल्या रस्त्याजवळून गेल्यासारखं. दुकानात नाक मुरडून लोक बाटली खाली ठेवतात ती इथेच, आणि त्यांना दोष देता येणार नाही. व्हॅनिलाच्या आशेनं आलेल्या माणसाला हे दार उघडून आत बोलावत नाही.

अर्धा तास. लिंबू पातळ होतं. डांबर आता चामड्याच्या जुन्या पिशवीसारखं मऊ झालंय. मध्ये पावडरीसारखा कोरडा वास येतो. तो आयरिसचा, आणि त्याच्या आडोशाला गुलाब आणि जाई. पण फुलं अशी वेगवेगळी ओळखू येत नाहीत, बासुंदीत चारोळी असावी तशी आहेत.

दोन तास. आता व्हॅनिला. एकटा नाही, सोबत टोंका बी आहे, वाळलेल्या गवताच्या पेंढीची आठवण करून देणारी, आणि ओपोपोनॅक्स नावाचा राळेसारखा गोडसर धुरकट डिंक. केकचा किंवा आइस्क्रीमचा वास हा नाही. घरात कुणी ऊद घालून गेलंय आणि तासाभरानं तुम्ही त्या खोलीत शिरलात, तसा काहीसा. ही तुलना उगाच केलेली नाही. मराठीत आपण ज्याला ऊद म्हणतो, ज्याच्यावरून उदबत्ती आली, तो डिंक म्हणजे बेंझॉइन, आणि त्यात व्हॅनिलिन मुळातच असतं. तान्ह्या बाळाला धुरी देताना निखाऱ्यावर ऊद टाकत असतील, तर त्या घरानं व्हॅनिलाची बाटली न बघताही व्हॅनिला ओळखलेला असतो.

सहा तास. लिंबू नाही, फुलं नाहीत. मनगटावर फक्त कोरडा, किंचित धुरकट, उबदार गोडवा. नाक अगदी जवळ नेलं तरच कळणारा. मला विचाराल तर हे परफ्यूम या सहाव्या तासासाठीच घ्यावं. सुरुवातीचे पाच तास ही त्याची वाट.

याच्याशेजारी आजकालचे बरेचसे ‘गोड’ व्हॅनिला ठेवून बघा. १९९२ च्या ‘एंजल’पासून परफ्यूममध्ये एथिल माल्टॉलची चलती झाली, म्हणजे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा, जळक्या साखरेचा वास. एंजलमध्ये निदान त्याच्या विरोधात पाचोळीचा मातकट वास उभा होता. नंतरच्या पुष्कळ नकलांमध्ये पाचोळी गेली आणि नुसती साखर उरली. ही परफ्यूम पहिल्या मिनिटाला जशी असतात तशीच सहाव्या तासाला. दोन मिनिटांच्या दुकानासाठी ती अगदी योग्य, कारण पुढे काही घडायचंच नसतं. माझी तक्रार गोडपणाबद्दल नाही. वाट बघायला लावून काहीच हाती न देण्याबद्दल आहे.

शालीमारवरही एक आक्षेप नोंदवायला हवा, तो नावाचा. कंपनीची कथा म्हणते की हे शाहजहान आणि मुमताजच्या प्रेमाचं, शालीमार बागेचं परफ्यूम. लाहोरची शालीमार बाग बांधायला घेतली १६४१ मध्ये. मुमताज त्याआधी दहा वर्षं, १६३१ मध्ये, आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरला बाळंतपणात वारली होती. काश्मीरची शालीमार जुनी आहे, पण ती जहांगीरच्या काळातली. थोडक्यात, पॅरिसनं आपल्याकडचं एक नाव उचललं, त्याला प्रेमकथा चिकटवली, आणि त्या वर्गाच्या सगळ्याच परफ्यूमना कित्येक दशकं ‘ओरिएंटल’ म्हटलं गेलं. आत काय आहे? इटलीचं बर्गमॉट, मेक्सिकोच्या वेलीचा वास, जर्मन रसायनशास्त्र. बाग कुठेच नाही. बाटलीतला माल उत्तम आहे, वेष्टनावरची गोष्ट खोटी. दोन्ही एकदम म्हणता आलं पाहिजे.

आता आयर्लंडच्या हवेकडे. इथलं वर्षाचं सरासरी तापमान नऊ-दहा अंश, दमटपणा जवळजवळ बारमाही, आणि वारा. मुंबई किंवा कोकणाशी तुलना केलीत तर दमटपणा ओळखीचा वाटेल, उष्णता नाही. तिकडच्या घामात परफ्यूमचे सगळे थर एकमेकांवर घाईनं येतात आणि व्हॅनिला चिकट, जड वाटायला लागतो. ‘उन्हाळ्यात गोड परफ्यूम नको’ असं आपल्याकडे म्हणतात ते बरोबरच आहे. इथे बाहेर पडलात की उघडं मनगट गार पडतं आणि परफ्यूम जणू झोपी जातं. बसमध्ये चढलात, हीटर चालू, की जागं होतं. पुन्हा बाहेर, पुन्हा झोप. म्हणजे सकाळी लावलेलं शालीमार दिवसातून चार-पाच वेळा नव्यानं सुरू झाल्यासारखं वाटतं, दर वेळी जरा पुढच्या टप्प्यावरून. म्हणूनच दोनच फवारे. तिसरा मारलात की बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांना तुमची ओळख होते.

लोकरीचा कोट आणि मफलर हा यातला मोठा खेळाडू. लोकर वास धरते आणि हळूहळू सोडते. मफलरवर दुसऱ्या दिवशीही व्हॅनिला असतो, आणि कातडीची ऊब नसल्यानं त्याचा धूर कमी, गोडवा जास्त. फक्त पांढऱ्या कापडापासून जपा. व्हॅनिलिन काळानं तपकिरी पडतं आणि डाग धरतं.

वास उशिरा पोचतो हे आयरिश साहित्यानं फार पूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये, १६ जून १९०४ या एका दिवसात, लिओपोल्ड ब्लूम डब्लिनच्या स्वेनी औषधालयात जाऊन लिंबाचा साबण घेतो आणि बायकोसाठी लोशन बनवायला सांगतो. त्या लोशनमध्ये गोड्या बदामाचं तेल, नारिंगी फुलांचं पाणी आणि बेंझॉइनचा अर्क आहे. म्हणजे आपला ऊद. संध्याकाळी सँडीमाउंटच्या किनाऱ्यावर एका तरुणीचं सेंट त्याच्यापर्यंत पोचतं ते ती उठून गेल्यावर, आणि तो विचारात पडतो की हे आत्ता का आलं, मघाशी का नाही. बायकोचं आवडतं ओपोपोनॅक्सही त्याला तिथेच आठवतं. शालीमार जन्मायच्या तीन वर्षं आधी छापलेल्या या पुस्तकात त्याच्या तळातलं सामान असं विखुरलेलं आहे. आणि ब्लूम जे करतो ती खरी समीक्षा: दुकानात नाही, दिवसाच्या शेवटी.

या देशाला वाट बघायचं आणखी एका जागी चांगलं कळतं. आयरिश व्हिस्की म्हणवून घ्यायला ती लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते, हा कायदा आहे. पिंपं बहुतेक करून अमेरिकेतल्या बर्बनची वापरलेली ओकची. ओकच्या लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन बनतं, आणि व्हिस्कीत जो व्हॅनिला लागतो तो शेंगेचा नव्हे, या लाकडाचा. व्हिस्कीला तीन वर्षं आणि परफ्यूमला दोन मिनिटं, हा हिशेब काही जुळत नाही.

इथपर्यंत परफ्यूमबद्दल झालं. आता घराबद्दल, कारण आपल्यातले बरेच जण इथे व्हॅनिला लावतात ते हौसेनं नाही, धाकानं.

तुम्हाला हे माहीत असेल. भाड्याचं घर, स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, आणि कोट तिथेच दाराशी खुंटीला. सकाळी डब्यासाठी फोडणी पडते. मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण. मग बसमध्ये शेजारी कुणी येऊन बसलं की आपण हळूच स्वतःची बाही हुंगतो. शाळेत जाणारं पोर एक दिवस म्हणतं, ‘आई, सकाळी फोडणी नको ना देऊस.’ आणि दाराशी एक गोड वासाची बाटली येऊन बसते. निघताना कोटावर चार फवारे. इथे कुणाला न खटकणारा वास कोणता, तर व्हॅनिला. कस्टर्डचा, बिस्किटांचा, मेणबत्त्यांचा.

पहिली गोष्ट, हा उपाय चालत नाही. व्हॅनिला झाकण घालणारा वास नाही, तो तळाशी बसणारा आहे. हिंग आणि लसणातली गंधकाची संयुगं इतकी तिखट असतात की अगदी कणभरही नाकाला कळतात. त्यांच्यावर व्हॅनिला मारला की दोन्ही वास येतात, शेजारी शेजारी. केकला हिंगाची फोडणी दिल्यासारखे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्याला लपवायचं आणि ज्यानं लपवायचं, ते दोघं बऱ्याच अंशी एकाच कुळातले आहेत. लवंगेतलं युजेनॉल व्हॅनिलिनचं इतकं जवळचं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बरीच वर्षं कारखान्यात व्हॅनिलिन बनायचं ते लवंगेच्या तेलापासून. आलं शिजवल्यावर तयार होणारं झिंजरोन, मिरचीतलं कॅप्सायसिन, हळदीतलं कर्क्युमिन, या सगळ्यांच्या रचनेत व्हॅनिलिनचाच तुकडा आहे. मिरचीचा जाळ ज्या ग्राहीमुळे जाणवतो तो डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधला, तेव्हा त्याला नाव दिलं ‘व्हॅनिलॉइड ग्राही’. या कामाला २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. वासानं व्हॅनिला आणि मिरची भाऊबंद वाटत नाहीत, ते खरं. रेणू बघितला की आडनाव एकच.

म्हणजे मसाल्याचा डबा परका आणि व्हॅनिला सभ्य, ही वाटणी नाकानं केलेली नाही. दोन्ही उष्ण देशांतून बोटींनी युरोपात आले. एक दुधात-साखरेत मिसळला, घरचा झाला आणि इंग्रजीत ‘साधा’ या अर्थाचा शब्द बनून बसला. दुसऱ्याला अजून ‘वास येतो’ म्हणतात. सभ्य वास म्हणजे बहुतेक वेळा नुसता सवयीचा वास. हे त्या पोराला सांगता येईल अशा भाषेत सांगायला हवं. नाहीतर बाटली बदलत राहील आणि धाक तोच राहील.

मग व्हॅनिला लावूच नये का? उलट. लपायला नको, आवडीनं लावा. आणि आपल्या घराला पातळ, साखरेचे व्हॅनिला शोभत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. लवंग, वेलदोडा, दालचिनी, धूर यांच्यासोबत उभा राहू शकेल असा व्हॅनिला हवा. शालीमार तसा आहे. मसालेभाताच्या दिवशीही त्याची पंचाईत होत नाही, लवंगेपाशी तर त्याचं चांगलं जमतं. हिंगापुढे तोही हात टेकतो, पण हिंगापुढे कोण टिकलंय?

घ्यायचं असेल तर असं करा. दुकानात पट्टीवर नको, मनगटावर एकच फवारा, आणि विकत न घेता बाहेर पडा. डांबराला घाबरू नका. दिवसभर आपली कामं करा. दोन तासांनी एकदा हुंगा, मग थेट संध्याकाळी. जे उरलं असेल ते आवडलं तर परत जा, आणि आयर्लंडच्या थंडीत शंकाच नको, ते उरलेलं असेल. कोट मात्र फोडणीआधी आतल्या खोलीत नेऊन दार लावून घ्या, ते काम परफ्यूमवर टाकू नका. फोडणी नेहमीसारखी द्या.